फुकट म्हणजे फुकटच द्या, नाहीतर देऊच नका

भाजीवाली पिशवीत कढीपत्त्याची काडी टाकते, पाणीपुरीवाला शेवटी सुकी पुरी हातावर ठेवतो, तेव्हा कोणी तुमचा मोबाईल नंबर मागतं का? नाही ना. मे २०२४ मध्ये मुंबईतल्या एकाने एक्सवर लिहिलं की ब्लिंकिट या घरपोच सामानाच्या अॅपवर कोथिंबिरीचे पैसे द्यावे लागले म्हणून आईला धक्काच बसला, तर ब्लिंकिटने भाजीबरोबर कोथिंबीर फुकट द्यायला सुरुवात केली. एवढ्या मोठ्या कंपनीला जे ट्विट वाचून कळलं ते आपल्या मंडईत आधीपासून चालूय.

दुकानात गिऱ्हाइकाला काही फुकट द्यायचं तर कसं, ते सांगतो. माझं चष्म्याचं दुकान आहे त्यामुळे उदाहरणं तिथलीच देतो, सायकलवाले घड्याळवाले यांनी आपापलं जुळवून घ्या.

पहिलं म्हणजे फुकट काय द्यायचं ते नीट निवडा. ज्यात आपला माल कमी आणि हात जास्त लागतो असं काम. आमच्याकडे ढिला स्क्रू आवळणं, पडलेला स्क्रू नवीन घालणं, पिवळे पडलेले नोज पॅड बदलणं, वाकडी काडी सरळ करणं, सुप्रा म्हणजे अर्ध्या कडेच्या फ्रेमची तुटलेली तार ओढून देणं. सामान काही रुपयांचं, काम पाच-दहा मिनिटांचं, पण ज्याचा चष्मा सारखा नाकावरून घसरतोय त्याला विचारा त्याची किंमत. आणि चष्मा कुठूनही घेतलेला असो, ऑनलाईनचा असो की समोरच्या दुकानातला, करून द्यायचा. "आमच्याकडचा असेल तरच" म्हटलं की ती विक्रीनंतरची सर्व्हिस झाली, फुकट नाही.

करताना दोन गोष्टी सांभाळा. जुनी प्लास्टिकची फ्रेम गरम करून वाकवताना तडकू शकते, ते आधीच सांगा आणि समोरच्याने हो म्हटल्यावरच हात लावा, नाहीतर फुकटच्या कामात भांडण गळ्यात. ज्या काचेचं कोटिंग निघायला लागलंय ती अल्ट्रासॉनिक मशीनमध्ये टाकू नका, अजून निघेल, साध्या पाण्यात थेंबभर भांड्याचा साबण घेऊन धुवा. आणि दुकानातल्या पोराला बजावून ठेवा की काम चालू असताना "नवीन फ्रेम दाखवू का" विचारायचं नाही. हे सगळ्यात अवघड आहे, माझीच जीभ अजून वळवळते.

आता डोळे तपासणी. बोर्ड सगळेच लावतात, 'मोफत तपासणी', आणि तपासून झालं की नंबर तोंडी सांगतात, कागद मागितला की "चष्मा इथेच करणार ना?" मीपण सुरुवातीला हेच केलंय, एका काकूंनी तोंडावर सांगितलं, मग फुकट कशाला म्हणता, आणि उठून गेल्या त्या परत आल्याच नाहीत. तेव्हापासून प्रत्येकाला कागद देतो, दोन्ही डोळ्यांच्या नंबराचे सगळे आकडे, म्हणजे स्फिअर, सिलिंडर, अ‍ॅक्सिस, चाळिशी असेल तर जवळचं वाचायचा जादा नंबर म्हणजे अ‍ॅड, आणि खाली पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, तीसुद्धा, जी बरेच जण मुद्दाम लिहीत नाहीत कारण तिच्याशिवाय ऑनलाईन चष्मा नीट बनत नाही. लिहाच. काही जण कागद घेऊन जातात ते जातात, पण बाहेरून घेतलेला चष्मा ढिला झाला की फुकट आवळायला इथेच येतात, आणि पुढचा चष्मा करायची वेळ आली की कुठे बसतील ते तुम्हीच सांगा.

डोळ्याचा नंबर काढा, फोनचा मागू नका. मे २०२३ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार खात्याने दुकानदारांना सांगितलंय की बिल करायला मोबाईल नंबरची सक्ती नको, मग फुकट स्क्रूसाठी मागणं म्हणजे कमालच झाली. 'फुकट' शब्दालाही कायदा आहे बरं का, ९ जून २०२२ च्या दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या नियमांप्रमाणे डिलिव्हरीसारखा न टळणारा खर्च सोडून दुसरं काही द्यावं लागत असेल तर जाहिरातीत फुकट म्हणता येत नाही. ताराचिन्ह टाकून 'अटी लागू' वाले याच्यात अडकू शकतात.

खर्चाचं म्हणाल तर डब्या, पुसायची कापडं असलं काही वाटत असाल तर सीएला आधी विचारा, भेट म्हणून दिलेल्या मालावर भरलेल्या जीएसटीचं क्रेडिट, म्हणजे वजावट, मिळत नाही, सीजीएसटी म्हणजे केंद्राच्या जीएसटी कायद्याचं कलम १७(५)(एच). 'एकावर एक फ्री' वेगळं, ते कायद्याच्या नजरेत दोन वस्तूंची मिळून एक किंमत.

हिशोब ठेवायचाच असेल तर वहीत नुसत्या रेघा मारा, नावं नकोत. महिन्याभरात विक्री वाढली का बघत बसू नका, चष्मा काय दर महिन्याला घेतात का लोक, निदान वर्ष-दोन वर्षं जाऊ द्या. संध्याकाळच्या गर्दीत जमत नसेल तर बोर्डवर सकाळची वेळ लिहा पण त्या वेळेत कुणाला परत पाठवू नका.

आणि हो, फुकटे येणारच. माझ्याकडे एक आजोबा दर शनिवारी येतात, चष्मा पुसून घेतात, पेपर वाचतात, चहाला नाही म्हणत नाहीत. आजपर्यंत एक दोरीसुद्धा विकत घेतलेली नाही. परवा शनिवारी आले नाहीत तर पोरगा दोनदा दाराबाहेर बघून आला.