विमा-पेन्शनच्या डेटावर काम करताय? या चुका टाळा

नवीन संशोधक मुलांचे पेपरचे ड्राफ्ट वाचून वाचून आता पहिलं टेबल बघितलं की पुढे काय वाढून ठेवलंय ते कळतं. सगळ्यात कॉमन चूक म्हणजे जास्त कव्हर घेणाऱ्यांचे क्लेम जास्त दिसले की "अॅडव्हर्स सिलेक्शन सापडलं", म्हणजे जास्त रिस्कवालेच जास्त कव्हर घेतात, म्हणून मोकळे. अरे बाबा, तोच आकडा मॉरल हॅझर्डमुळेही येतो, कव्हर आहे म्हटल्यावर माणूस निर्धास्त होतो, आणि एकाच वर्षाच्या डेटाकडे कितीही टक लावून बसलं तरी यातलं कुठलं कारण ते कळत नाही.

आणि बऱ्याचदा दोन्ही नसतं. एकाने वाहनविम्याचा ड्राफ्ट आणलेला, कमी डिडक्टिबलवाल्यांचे (डिडक्टिबल म्हणजे नुकसानीतला स्वतःच्या खिशातून भरायचा पहिला हिस्सा) क्लेम भरपूर जास्त, रिग्रेशनच्या कोएफिशियंटला तीन स्टार, म्हणजे फरक योगायोगाचा वाटत नाही, पोरगं खुश. म्हटलं क्लेम रकमेप्रमाणे लावून दाखव. फरक जवळपास सगळा बारीक क्लेममधला! नुकसान 700 चं झालं आणि डिडक्टिबल 500 असेल तर माणूस क्लेम टाकतो, 1000 असेल तर कशाला टाकेल, हातात काहीच येणार नाही. अपघात दोघांचेही झाले, नोंद एकाचीच. मोठ्या डिडक्टिबलच्या बऱ्याच वरचे क्लेम ठेवून परत चालवलं, स्टार गायब. (बरंच वर ठेवायचं, कारण 1020 च्या नुकसानीसाठी 20 मिळवायला कोणी फॉर्म भरत बसत नाही.) तर साहेबांचं म्हणणं काय, "डेटा कापला म्हणून रिझल्ट गेला". मी तर आता ही कापाकापी झाल्याशिवाय रिग्रेशन बघतच नाही.

कंट्रोलमध्येही, म्हणजे रिग्रेशनमध्ये आणखी कुठल्या गोष्टी धरायच्या यातही, असाच गोंधळ. कंपनी ज्या गोष्टी बघून प्रीमियम ठरवते त्या सगळ्या घ्यायच्या आणि तेवढ्याच घ्यायच्या. कमी घेतल्या तर कंपनीला माहीत असलेली रिस्क तुम्हाला लपलेली वाटते, जास्त घेतल्या तर जे शोधायचं तेच पुसलं जातं. शियापोरी आणि सलानिए यांनी 2000 च्या पेपरात फ्रान्समधले नवखे ड्रायव्हर उगाच नाही निवडले, जुन्या ड्रायव्हरचा आधीचा रेकॉर्ड प्रीमियममध्ये असा मिसळलेला असतो की तो वेगळा काढताना जीव जातो. त्यांना कोरिलेशन सापडलं नाही. पण "कोरिलेशन नाही म्हणजे लपलेली माहिती नाही" हेही लिहू नका. फिंकेलस्टाइन आणि मॅकगॅरी यांनी 2006 मध्ये अमेरिकेतल्या दीर्घकालीन शुश्रूषेच्या विम्यात दाखवलं की काही जण रिस्क जास्त म्हणून विमा घेतात आणि काही जण मुळातच जपून वागणारे म्हणून घेतात, दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि वर बेरीज शून्याजवळ.

नोव्हेंबरात घेतलेली पॉलिसी डिसेंबरअखेर "क्लेम नाही" म्हणून पूर्ण वर्षाची मोजू नका. एक्स्पोजर, म्हणजे पॉलिसी प्रत्यक्ष किती काळ चालू होती ते, घाला, एवढंच.

अॅन्युइटीत (एकरकमी पैसे देऊन मरेपर्यंत ठरावीक उत्पन्न घेणं) तर सरकारी मॉर्टॅलिटी टेबल, म्हणजे वयानुसार मृत्युदराचा तक्ता, डाउनलोड करायचं, हिशोब करायचा आणि "कंपन्या लुटतात" असं शीर्षक द्यायचं, ही पद्धतच पडलीय. अॅन्युइटी घेणारे लोक सरासरीपेक्षा जास्त जगतात, कंपनी त्यांच्या टेबलवर भाव लावते. शिवाय सहज मिळणारं टेबल बहुतेक वेळा पिरियड टेबल असतं, म्हणजे आज 65 चा असलेला माणूस 85 चा होईल तेव्हाही मृत्युदर आजच्या 85 वाल्यांचाच धरलेला, मधल्या वीस वर्षांची सुधारणा गायब. ही सुधारणा धरून एकाच जन्मवर्षाच्या लोकांसाठी केलेलं कोहोर्ट टेबल शोधायचा कंटाळा असेल तर हा विषय घेऊच नका. मी हिशोब कायम दोन्ही लोकसंख्यांवर, सगळी जनता आणि अॅन्युइटी घेणारे, करतो आणि शेजारी शेजारी छापतो, मधली दरी हाच खरा रिझल्ट असतो.

डिडक्टिबलच्या निवडीवरून रिस्क अव्हर्जन, म्हणजे माणूस जोखमीला किती घाबरतो ते, काढणाऱ्यांनी आधी सिडनॉरचा 2010 चा पेपर वाचा. अमेरिकेतल्या घरविम्यात लोक डिडक्टिबल 1000 वरून 500 डॉलरवर आणायला साधारण 100 डॉलर भरत होते, क्लेमचं प्रमाण 5 टक्क्यांच्याही खाली, म्हणजे सरासरी फायदा 25 डॉलरपेक्षा कमी. यातून निघणारं रिस्क अव्हर्जन खरं मानलं तर हा माणूस घराबाहेरच पडायला नको. मग "लोक मूर्ख आहेत" असं लिहून मोकळं होणं हा आणखी एक शॉर्टकट, शक्यता मनात फुगवून धरणं वगैरे पर्याय तपासायला कोणाला वेळ नसतो.

पेन्शनच्या डिफॉल्टवर (कर्मचाऱ्याने काहीच केलं नाही तरी तो आपोआप योजनेत जातो, ती सोय) लिहिताना सहभाग वाढला एवढं सांगून थांबू नका. मॅड्रियन आणि शिया यांच्या 2001 च्या पेपरात सहभाग वाढलाच, पण बरेच जण डिफॉल्टच्या 3 टक्के वर्गणीवर आणि डिफॉल्ट फंडातच बसून राहिले, त्यातले काही जण आपणहून आले असते तर जास्त भरत असते. म्हणून सहभागाच्या टेबलखाली वर्गणीच्या दराचं वितरण टाका, नुसती सरासरी नको.