आपल्या विषयाचं हत्यार दुसऱ्याच्या प्रश्नावर चालवून पाहा

दामोदर धर्मानंद कोसंबी (१९०७–१९६६) मुळात गणिती. संख्याशास्त्र खऱ्या मोजमापांवर वापरून पाहावं, म्हणून त्यांनी प्राचीन आहत (धातूच्या तुकड्यावर चिन्हांचे ठसे मारून केलेली) नाणी तोलायला घेतली. नाणं हातोहात फिरतं तसं झिजतं, हलकं होतं. मग एकाच साठ्यातल्या नाण्यांची वजनं गटागटानं मांडली, तर कोणती जास्त काळ चलनात होती हे कळू शकतं. ज्या नाण्यांवर राजाचं नाव नाही, सालही नाही, त्यांच्या बाबतीत हे केवढं मोठं काम! या वाटेनं ते पुढे भारताच्या प्राचीन इतिहासाच्या अभ्यासात खोलवर शिरले.

तुम्हीही दुसरा विषय निवडताना असा निवडा, जिथे काहीतरी हाताळता किंवा मोजता येईल. नुसते व्हिडिओ पाहून माहिती वाढते, कल्पना सहसा सुचत नाहीत. त्या विषयातल्या जाणत्या माणसाला एवढंच विचारा: "तुमच्याकडे अजून अंदाजानंच काय ठरतं?" उत्तर वहीत लिहा आणि खाली आपल्या कामातली एखादी पद्धत लिहा. रुग्णालयात औषधांच्या वेळांचा तक्ता सांभाळणाऱ्या परिचारिकेला रोपवाटिकेतल्या पाण्याच्या आणि खताच्या वेळा लगेच दिसतील.

आणि सुचलेलं पडताळा. कोसंबींनी त्यांच्या काळात चलनात असलेली नाणीही तोलून झीज खरंच तशी होते का, ते पाहिलं होतं.