जाड भयकादंबरी संपल्यावरचे पंधरा दिवस कसे काढावेत

मिरजेत माझं मेडिकल आहे. दुपारी दोन ते चार गिऱ्हाईक कमी असतं, तेवढ्या वेळात रोज दहाएक पानं व्हायची. असं करत चार महिन्यांनी, जूनच्या पहिल्या आठवड्यात, स्टीफन किंगचं 'इट' संपलं. १९८६ साली आलेल्या पहिल्या अमेरिकन आवृत्तीची पानं होती ११३८. माझी प्रत पुण्यात फुटपाथवर घेतलेली, तिची पाठ तीन ठिकाणी फाटलेली आणि तिन्ही ठिकाणी मी मायक्रोपोरनं चिकटवलेली. शेवटचं पान उलटलं आणि एक बाई ओआरएसची पाकिटं मागायला आल्या. मी पाकिटं दिली, सुट्टे पैसे दिले आणि पैशांबरोबर, खूण म्हणून पुस्तकात ठेवायचो ती गोळ्यांची रिकामी स्ट्रिपही देऊन टाकली. त्या म्हणाल्या, "दादा, हे काय?" मला काही केल्या सांगता येईना.

तेव्हा पहिली सूचना हीच की शेवटची पन्नास पानं गल्ल्यावर बसून वाचू नका. सुट्टीच्या दिवशी वाचा, उजेडात वाचा आणि नंतरचे दोन तास कुणाशी बोलायची वेळ येणार नाही असं बघा. भीतीचा प्रश्न नाही. धारप-मतकरी वाचून मोठं झालेल्याला गटारातल्या जोकरची सवय होते. सवय मोडत नाही ती त्या सात पोरांची.

(पुस्तक वाचायचं राहिलेल्यांनी इथंच थांबावं. कोण मरतं ते मी पुढं सांगणार आहे.)

थोडक्यात गोष्ट अशी. अमेरिकेतल्या मेन राज्यात डेरी नावाचं एक गाव, लेखकानं रचलेलं. साधारण सत्तावीस वर्षांनी तिथं काहीतरी जागं होतं आणि, बऱ्याचदा जोकर बनून, पोरं मारतं. १९५८च्या उन्हाळ्यात अकरा वर्षांची सात मुलं, बिल, बेन, बेव्हर्ली, रिची, एडी, स्टॅन आणि माइक, त्याला भिडतात आणि ते परत आलं तर आपणही परत यायचं अशी शपथ घेतात. १९८५ मध्ये फोन येतात. मधल्या काळात गंमत काय झाली, तर जो जो गाव सोडून गेला तो तो सगळं विसरला, एकमेकांना सुद्धा. एकटा माइक गावातच राहिला, लायब्ररीत नोकरीला लागला, त्याला तेवढं आठवतं. आणि शेवटी, सगळं झाल्यावर, पुन्हा विसरणं सुरू होतं. या खेपेला माइकही सुटत नाही. त्याच्या वहीतली मित्रांची नावं आणि पत्ते फिके पडायला लागतात, शाई जणू पन्नास वर्षांपूर्वीची असावी तशी.

म्हणून हे पुस्तक संपल्यावर होणारा त्रास जरा निराळा असतो. ती माणसं एकमेकांना विसरली, आता ती सगळी आठवणारे एकटे आपण उरलो. आणि आपलाही काही भरवसा नाही. बेनचं आडनाव तुम्हाला आज झोपेतही सांगता येईल, पंधरा दिवसांनी डोकं खाजवावं लागेल. आठवण जावी म्हणून काय करावं, असं विचारणारे भेटतात. काही करू नका, ती आपोआप जाते. करायचंय ते ती जायच्या आत.

त्याआधी दोन पथ्यं. एक, सिनेमा लगेच बघू नका. २०१७चा सिनेमा वाईट नाही, पण त्यात पोरांचा काळ १९८९ केलाय आणि पुस्तकात एकमेकांत विणलेले दोन काळ सुटे करून दोन सिनेमांत वाटलेत. त्याहून मोठी अडचण म्हणजे पडद्यावरचे चेहरे. तुम्ही चार महिने खपून एक रिची उभा केलेला असतो, जाड काचांचा चष्मा, तोंडाला लगाम नाही. दोन तासांत तो पुसला जातो आणि परत मिळत नाही. महिना जाऊ द्या. दुसरं, दुसरी जाडी भयकादंबरी लगेच हातात धरू नका. मी धरली होती. चाळीस पानं वाचली आणि त्यातल्या बिचाऱ्या माणसांचा मला नुसता राग येत होता, ती बिल नाहीत म्हणून. अगदीच हात शिवशिवत असतील तर पाककृतींचं पुस्तक वाचा, रेल्वेचं टाइमटेबल वाचा.

आता काम. आम्हा मेडिकलवाल्यांना शेड्यूल एच-वनच्या औषधांसाठी वेगळं रजिस्टर ठेवावं लागतं: डॉक्टर कोण, पेशंट कोण, औषध कुठलं, किती दिलं. तीन वर्षं ते जपायचं असतं. तसलंच एक कोरं रजिस्टर पडून होतं. मी त्यात चार रकाने आखले. नाव. जवळ काय असतं. कशाला घाबरतो. शेवटचा कुठं दिसला. दर माणसाला एक पान दिलं. पुस्तक न उघडता लिहायचं, अडलं तर जागा मोकळी सोडायची आणि दुसऱ्या दिवशी परत बघायचं. बिलच्या पानावर सायकल आली, तिचं नाव सिल्व्हर, त्याच्या उंचीला न झेपणारी. बेव्हर्लीच्या पानावर बेचकी आणि बापाचा हात. बेनच्या पानावर लायब्ररी, आणि बेव्हर्लीला निनावी पाठवलेलं पोस्टकार्ड, त्यावर तीन ओळींची कविता. स्टॅनच्या पानावर पक्ष्यांचं पुस्तक. पाण्याच्या टाकीत मेलेली पोरं जिना उतरून येत असतात, तेव्हा तो ते पुस्तक ढालीसारखं पुढं धरून पक्ष्यांची नावं ओरडतो आणि दार उघडतं. चौथ्या रकान्यात त्याच्यापुढं लिहावं लागलं: अटलांटा, बाथरूम, फोन आला त्याच रात्री. ते लिहून मी त्या दिवशीपुरतं रजिस्टर मिटलं.

सगळ्यात जास्त भरलं एडीचं पान, दोन्ही बाजूंनी. तुमचाही एखादा असा असेलच, तुमच्या धंद्याला नाहीतर दुखण्याला चिकटलेला. त्याला मुद्दाम जास्त जागा द्या. एडीला दमा आहे असं त्याच्या आईचं म्हणणं, म्हणून त्याच्या खिशात कायम पंप. तो पंप भरून मिळतो गावातल्या कीन नावाच्या औषधवाल्याकडं. एक दिवस कीन त्याला आतल्या खोलीत बोलावतो, समोर आइस्क्रीम सोडा ठेवतो आणि सांगतो की पंपात औषध नाही, पाणी आहे. औषधासारखी चव लागावी म्हणून थोडा कापूर.

हे प्रकरण मी दुकानात बसून तीनदा वाचलं. काउंटरच्या या बाजूनं. कीन खोटं बोलत नाही, त्याचं शास्त्र बरोबर आहे, पण अकरा वर्षांच्या पोराला हे सांगताना त्याला मजा येतेय हे दिसतं. माझ्याकडं एक आजोबा येतात. साध्या कॅल्शियमच्या गोळीला ते 'झोपेची पांढरी' म्हणतात. "झोपेची नाही हो, हाडांची आहे," असं मी दोनदा सांगून बघितलं. "मला झोप लागते ना," म्हणाले. मी गप्प बसलो. एडीही पुढं तेच करतो: पंपात पाणी आहे हे माहीत असून तो त्या राक्षसाच्या तोंडात पंप मारतो, हे ॲसिड आहे असं ठरवून, आणि राक्षसाला भाजतं. १९८५ मध्ये तसं करतानाच त्याचा हात जातो आणि तो मरतो. माझ्या काउंटरवर पंपांचे खोके डाव्या हाताला असतात. पंधरा दिवस मी तिकडं न बघता खोका काढत होतो.

रजिस्टर भरलं की पुन्हा पुस्तकाकडं जायला हरकत नाही, पण पहिल्या पानापासून नको. तेवढा दम कुणालाच नसतो. दोन जागा सांगतो. पहिली म्हणजे सातवं प्रकरण, धरणाचं. बिल आणि एडी ओढ्यात बांध घालायला बघत असतात, तो टिकत नाही. बेन येतो, फळ्या कशा उभ्या करायच्या आणि मध्ये दगडमाती कशी भरायची ते दाखवतो. रिची आणि स्टॅन येऊन मिळतात. बांध इतका पक्का होतो की गावाचं सांडपाणी तुंबतं आणि पोलीस येतो. बेन पुढं होऊन आपल्यावर घेतो, बाकीचे त्याला एकटं पडू देत नाहीत. पोलीस रागावतो, पण काम बघून चाटही पडतो. अख्ख्या पुस्तकात मला सगळ्यात सुखाची वाटली ती ही दुपार. दुसरी जागा म्हणजे माइकच्या टिपणांची पाच प्रकरणं, जाडजूड भागांच्या मध्ये घातलेली. तेवढीच ओळीनं वाचा. पहिल्या वाचनात ती अडथळ्यासारखी वाटतात, कारण आपल्याला पुढं काय होतं ते हवं असतं. आता घाई नसते. गावाचा इतिहास खणत बसलेला एक एकटा माणूस रात्री लायब्ररीत लिहितोय, एवढंच ऐकू येतं.

मग नकाशा. डेरी खोटं असलं तरी ते बेतलंय बँगर नावाच्या खऱ्या गावावर. किंग तिथंच राहायचा आणि पुस्तकाच्या शेवटी त्यानं गावाच्या नावाखाली तारखा घातल्यात: ९ सप्टेंबर १९८१ ते २८ डिसेंबर १९८५. मोबाईलवर बँगर काढा. केंडस्कीग नावाचा ओढा खरोखर आहे, गावातून वाहत जाऊन पेनॉब्स्कॉट नदीला मिळतो. कुऱ्हाडवाल्या पॉल बन्यनचा एकतीस फुटी पुतळा आहे, जो पुस्तकात रिचीच्या मागं लागतो. आणि स्टॅनची ती टाकी. टेकडीवर, पांढरी, गोल, १८९७ची. पुस्तकात ती १९८५च्या वादळात कोसळते. बँगरमध्ये अजून उभी आहे. तिचा फोटो मी बराच वेळ मोठा करून बघत होतो, स्टॅनच्या वतीनं.

आठवडा झाला की किंगच्याच शेजारच्या पुस्तकांत डोकवा. '११/२२/६३' या २०११च्या कादंबरीत एक शिक्षक काळात मागं जातो, १९५८च्या डेरीत पोचतो आणि तिथं त्याला रिची आणि बेव्हर्ली भेटतात, नाच बसवत असलेली. मोजकी पानं आहेत. ती वाचताना दुकानात मी एकटाच हसत होतो. 'इन्सोम्निया'मध्ये माइक अजून लायब्ररीत कामावर आहे. आणि 'द शायनिंग'मधला आचारी हॅलोरन आठवतो ना, तो 'इट'मध्येच येऊन गेलाय, १९३०च्या आगीत माणसं वाचवताना. तुम्हीही माझ्यासारखे घाईघाईनं पुढं गेला असाल. या भेटी लांबून बघायच्या. जास्त अपेक्षा ठेवली तर चालत्या गाडीतून ओळखीचं माणूस दिसावं तशी चुटपुट लागते.

आणि कुणाला तरी सांगा. पुस्तक वाचलेला माणूस भेटला तर उत्तम. मला मिरजेत भेटला नाही, म्हणून मी बायकोला जेवताना सांगायला लागलो, रोज थोडं थोडं. तिला भुतंखेतं आवडत नाहीत, पण ती पोरांत गुंतली. चौथ्या दिवशी भाकरी मोडता मोडता म्हणाली,

"त्या दम्याच्या पोराचं पुढं काय झालं?"

"न्यूयॉर्कला आहे. गाड्यांची कंपनी काढली. मोठ्या लोकांना गाड्या पुरवतो."

"लग्न?"

"झालं. बायको थेट आईच्या वळणावर."

"मग कसलं चांगलं झालं," म्हणाली आणि आमटी वाढली. पुढचं मी अजून सांगितलेलं नाही. ऐकणाऱ्याला सगळं सांगायलाच पाहिजे असं काही नाही.

शेवटचं काम पावसावर अवलंबून आहे. पुस्तकाची सुरुवात कागदी होडीनं होते. बिल तापानं आजारी असतो, धाकट्या भावासाठी, जॉर्जीसाठी, वर्तमानपत्राची होडी करतो आणि पाणी शिरू नये म्हणून तिला मेण लावतो. होडी गटारात जाते, जॉर्जी वाकून आत बघतो आणि आतला जोकर त्याला मारतो. आम्ही लहानपणी मेण लावायचो नाही, दहा पावलांत होडी लोळायची. आता नीट करा. वर्तमानपत्राचं एक पान घ्या, होडी नेहमीसारखी घाला. जुन्या वाटीत मेणबत्तीचा तुकडा वितळवा आणि कान साफ करायच्या काडीनं आतून-बाहेरून लावा. बुडाच्या घडीवर दोनदा, पाणी शिरतं ते तिथूनच. जाड थर देऊ नका, होडी जड होऊन एका अंगाला कलते. माझी पहिली तशीच वाया गेली.

पहिला मोठा पाऊस पडला त्या संध्याकाळी सहा वर्षांच्या पुतणीला घेऊन मी होडी दुकानासमोरच्या पाण्यात सोडली. मस्त पळाली. कोपऱ्यावर गटारावर फरशी टाकलेली आहे, होडी तिच्याखाली गेली आणि पोरगी खाली वाकून आत बघायला लागली. मी इतक्या जोरात हाक मारली की समोरचा चहावाला बाहेर आला.

"काय झालं, काका?"

"काही नाही. इकडं ये, ती पलीकडून निघेल."

निघाली. जरा वाकडी झाली होती, पण तरंगत होती. आम्ही छत्रीखाली उभं राहून ती स्टेशन रोडच्या वळणापर्यंत जाताना बघितली. पुढं रिक्षा उभी होती, मग दिसली नाही.