चर्चच्या मंडळीतल्या समितीचा अहवाल मागताय? या चुका टाळा

उपासना संपली की पाळकसाहेबांना अंगणात गाठायचे आणि विचारायचे, "तो चौकशीचा अहवाल दाखवता का?" पहिली चूक इथेच होते. तोंडी मागणीला तोंडीच उत्तर मिळते, "कमिटीत बघू." अर्ज मंडळीचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीच्या सेक्रेटरीच्या नावे लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर पोच घ्या.

अर्जात "सगळी फाईल द्या" असे लिहिले की नकार देणे फार सोपे जाते. अहवाल कमिटीपुढे कोणत्या तारखेला ठेवला आणि त्यावर कोणता ठराव झाला, एवढेच विचारा. बैठकीत कोण कोणाला काय बोलले, यात आपल्याला नाही म्हटले तरी जास्त रस असतो; पण कामाचा असतो तो ठराव. लैंगिक छळाच्या तक्रारीचा अहवाल असेल तर मात्र हट्ट धरू नका. 2013 च्या कायद्याने तक्रारदाराची ओळख आणि चौकशीचा तपशील उघड करायला मनाई आहे.

सर्वात जास्त वेळ वाया जातो तो माहिती अधिकाराचा अर्ज थेट चर्चला पाठवण्यात. चर्च म्हणजे सरकारी कार्यालय नव्हे. पण चर्चचा ट्रस्ट महाराष्ट्राच्या 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याखाली नोंदलेला असेल, तर त्याचे कागद धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयात असतात आणि तिथे हा अर्ज चालतो. विश्वस्त बदलल्याचा चेंज रिपोर्ट, मालमत्तेची नोंद, लेखापरीक्षण अहवाल, सगळे तिथेच दाखल होते. जमिनीचे प्रकरण असेल तर हा रस्ता आधी धरा. ट्रस्टची जमीन विकायला कलम 36 प्रमाणे आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. जमीन समितीने आपला अहवाल कपाटात ठेवला, तरी परवानगीचा अर्ज झाला असेल तर त्याची फाईल सरकारदरबारी सापडते. अर्ज 150 शब्दांत आणि एकाच विषयावर लिहा. त्याआधी ट्रस्टचा नोंदणी क्रमांक शोधा. मंडळी गावाकडची आणि ट्रस्ट मुंबईत नोंदलेला, असेही असते.

हिशेब 31 मार्चला बंद होतात, लेखापरीक्षणाला पुढचे सहा महिने असतात. मे महिन्यात भांडून काय मिळणार? हिशेबाचा अहवाल ऑक्टोबरात मागा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर आरोप टाकून कागद मिळाल्याचे मी तरी पाहिलेले नाही.

नकार मिळाला तर तोही लेखी मागा, मग डायोसिसकडे, म्हणजे बिशपच्या कार्यालयाकडे जा. धर्मादाय आयुक्तांपर्यंत जायची वेळ आली, तर ट्रस्टशी तुमचा हितसंबंध दाखवावा लागतो. म्हणून वर्गणीच्या जुन्या पावत्या रद्दीत घालू नका.