शिंपल्यांची पिल्लं टिकत नाहीत? पाण्याच्या तापमानाबाबत या चुका टाळा

मोत्यांच्या शेतीसाठी दर वर्षी नदीतून शिंपले उपसत राहणं बरोबर नाही, पिल्लं आपल्याकडेच तयार व्हायला हवीत. हे अनेकांना पटतं, पण पिल्लं हाती लागत नाहीत. दोष बहुतेक वेळा पाण्याच्या तापमानात असतो आणि तिथेच कुणी बघत नाही.

आधी शिंपल्याचं बालपण समजून घ्या. अंडी मादीच्या कल्ल्यांत वाढतात आणि त्यातून बाहेर पडतात त्या ग्लोकिडिया अळ्या. या अळ्या माशाच्या कल्ल्यांना किंवा परांना चिकटतात, तिथे त्यांचं रूप बदलतं आणि मग साधारण पाव मिलिमीटरची पिल्लं तळाशी पडून गाळात शिरतात. प्रत्येक टप्प्याची उष्णता सोसण्याची ताकद वेगळी असते. त्यामुळे ‘मोठे शिंपले ठीक आहेत, म्हणजे पाणी ठीक आहे’ हा समज सगळ्यात महागात पडतो. अमेरिकेतल्या जातींवर झालेल्या प्रयोगांत बऱ्याच जातींच्या अळ्या तीस अंशांच्या थोडं वरच्या तापमानाला एका दिवसात निम्म्याने मेल्या. आपल्या जाती उष्ण पाण्याच्या आहेत, त्यामुळे तेच आकडे इथे जसेच्या तसे लावू नका. पण मे महिन्यात उथळ टाकीतलं पाणी कुठवर तापतं ते एकदा मोजून पाहा.

मोजायचं कुठे, हेही चुकतं. थर्मामीटर पृष्ठभागावर बुडवून वही भरली जाते, पण पिल्लं असतात तळाशी. तळाचं तापमान घ्या, तेही दुपारी तीन-चारच्या सुमारास आणि पहाटे, असं दोनदा. पहाटे प्राणवायू सगळ्यात कमी असतो. २० अंशांच्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. उष्णता आणि गुदमर एकत्र आले की मादी कच्च्या अळ्याच टाकून देते. अशा अळ्या माशावर तग धरत नाहीत. म्हणून अळ्या भरलेल्या माद्या भर उन्हात पोत्यातून आणू नका. ओल्या गोणपाटात, सावलीत आणि पहाटे आणा.

अळ्या बाहेर पडल्यावर ‘उद्या मासे सोडू’ म्हणणं चुकीचं आहे. कोमट पाण्यात त्यांचं आयुष्य झपाट्याने संपतं. जिवंत आहेत का, हे ओळखायची पद्धत सोपी आहे. थोड्या अळ्या काचपट्टीवर घ्या, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवा आणि मिठाच्या पाण्याचा एक थेंब टाका. जिवंत अळीची दोन्ही झाकणं पटकन मिटतात. उघडीच राहिली तर त्या मेलेल्या अळ्यांवर बोटुकली (माशांची बोटाएवढी पिल्लं) वाया घालवू नका. आणि त्याच माशांवर पुन्हापुन्हा अळ्या सोडू नका, माशांच्या अंगात प्रतिकारशक्ती तयार होते.

माशावरून पिल्लं किती दिवसांनी गळतील, याचा एकच ठरलेला आकडा कुणी सांगितला तर विश्वास ठेवू नका. पाणी उबदार असेल तर काही दिवस, थंड असेल तर काही आठवडे लागतात. उत्तर युरोपातल्या थंड नद्यांमधल्या मोत्याच्या शिंपल्याच्या अळ्या तर हिवाळाभर सॅमन-ट्राउट माशांच्या कल्ल्यांवरच राहतात. रोजचं सरासरी तापमान लिहून ठेवा, पुढच्या खेपेला अंदाज तुमच्याच वहीतून निघेल. त्या दिवसांत टाकीच्या तळाची घाण ओढून काढताना ती बारीक जाळीतून गाळा, नाहीतर पिल्लं गटारात जातात.

आता माझ्या मते सर्वांत घातक चूक. दुपारी टाकी तापलेली दिसली की घाईने बोअरचं पाणी सोडलं जातं. त्याने तापमान एकदम खाली येतं आणि बोअरच्या पाण्यात प्राणवायूही बहुधा कमीच असतो. पाणी आधी हवेत खेळवा, सावलीत ठेवा, मग थोडंथोडं बदला. शेडनेट लावा, पाण्याची खोली वाढवा.

दुसरा गुपचूप मारणारा म्हणजे अमोनिया. सामू (पीएच) ८ असताना पाणी २० वरून ३० अंशांवर गेलं, तर अमोनियाचा विषारी वाटा जवळजवळ दुप्पट होतो. शिंपल्यांची पिल्लं अमोनियाला इतकी हळवी असतात की अमेरिकेने २०१३ मध्ये पाण्यातल्या अमोनियाच्या मर्यादा ठरवताना त्यांचाच विचार केला. उन्हाळ्यात माशांचं खाद्य कमी करा. उरलेलं खाद्य त्याच दिवशी काढा.