पुण्याचा पाऊस दहापट का दिसत होता

डेंग्यूचे आठवडावार रुग्ण आणि पाऊस यांचा संबंध पाहण्यासाठी पुणे शहरापुरता ईआरए५-लँडचा (युरोपीय हवामान केंद्राचा, मॉडेलमधून काढलेला जमिनीवरच्या हवामानाचा डेटा) तासातासाचा डेटा उतरवला. पायथनमध्ये एक्सॲरे ही लायब्ररी वापरून चोवीस तासांची बेरीज केली, मीटरचे मिलिमीटर केले, तर जुलैतल्या एकेका दिवशी चारशे-पाचशे मिलिमीटर! आपल्या शहरात वर्षभरात साधारण सात-साडेसातशे पडतो. दोन दिवस मी एककंच तपासत बसले.

मग एका दिवसाचे आकडे एकाखाली एक छापून पाहिले. ०.००१, ०.००३, ०.००३, ०.००४... आकडा कमी होतच नव्हता. तेव्हा उलगडा झाला. या डेटात पाऊस रोज ००:०० यूटीसीपासून (जागतिक प्रमाणवेळ, आपल्यापेक्षा साडेपाच तास मागे) साठत जातो. त्या त्या तासाचा पाऊस वेगळा दिलेला नसतो. मी बेरजेचीच पुन्हा बेरीज करत होते.

उपाय असा: प्रत्येक तासातून आधीचा तास वजा करायचा. फक्त ०१ यूटीसीचा आकडा आहे तसाच ठेवायचा, कारण तिथे साठा पुन्हा शून्यापासून सुरू झालेला असतो; नाहीतर तिथे उणे पाऊस येतो.

दिवसाची हद्दही बदलावी लागली. हवामान खातं सकाळी साडेआठ ते साडेआठ मोजतं, म्हणजे बरोबर ०३ ते ०३ यूटीसी. तशीच बेरीज केली आणि शिवाजीनगरच्या नोंदींशेजारी ठेवली. तंतोतंत जुळत नाही, या डेटातला एकेक आकडा सुमारे नऊ किलोमीटरच्या चौकोनाचा असतो, त्याच्याकडून ती अपेक्षाही नाही. पण कोरडे आणि ओले आठवडे आता जागच्या जागी आहेत. रुग्णांची फाईल त्यानंतरच जोडली.