सात सीटची गाडी घेताय? आधी सगळ्यात मागे जाऊन बसा

शोरूममध्ये पाऊल टाकलं की सेल्समन आपल्याला थेट स्टिअरिंगमागे बसवतो. सनरूफ उघडतो, मोठा स्क्रीन दाखवतो, आणि आपण तिथेच अर्धे विरघळतो. पाच सीटच्या गाडीला ते चालून जातं. सात सीटची गाडी मात्र मागून पुढे बघत यायचं.

पायरी १ : माणसं मोजा

घरातले सातही जण वर्षातून किती वेळा एकत्र निघतात? गणपतीला गावी आणि एखाद-दुसरं लग्न, एवढंच असेल तर तिसरी रांग एरवी दुमडलेलीच राहणार. तिथे मुलं मावली तरी पुरे. पण दर पंधरा दिवसांनी मोठी माणसं मागे बसणार असतील, तर एसयूव्हीचा हट्ट थोडा सैल करा आणि एर्टिगा, कॅरेन्स, इनोव्हा हायक्रॉसही बघा. दिसायला रुबाब कमी, बसायला सुख जास्त.

पायरी २ : तिसरी रांग

आधी घरातल्या सगळ्यात उंच माणसाला मधल्या रांगेत बसवून सीट त्याच्या सोयीने सरकवा. मगच तुम्ही मागे शिरा. हा क्रम उलटा केला तर कुठलीही गाडी ऐसपैस वाटते, आणि शोरूममध्ये तो बहुतेक वेळा उलटाच असतो.

मागे बसल्यावर गुडघ्यांकडे बघा. स्कॉर्पिओ-एनसारख्या गाड्या चासीवर, म्हणजे खालच्या वेगळ्या लोखंडी सांगाड्यावर उभ्या असतात, त्यामुळे मागची फरशी उंच येते, गुडघे वर जातात आणि मांड्या अधांतरी राहतात. पाच मिनिटांत काही जाणवत नाही, माणगावपर्यंत पोहोचता पोहोचता कंबर बोलायला लागते. म्हणून सेल्समनला बोलू द्या आणि चांगली पंधरा मिनिटं तिथेच बसून राहा. एसीचा वारा मागे पोहोचतो का, मोबाइल चार्ज कुठे करायचा, डोकं छताला लागतं का, हेही तेव्हाच कळतं. बोलेरो निओच्या मागच्या सीट तर आडव्या, समोरासमोर आहेत. वडापची सवय असलेल्यांना गंमत वाटेल, बाकीच्यांनी घाटात विचार करावा.

पायरी ३ : आत-बाहेर

आजीला आणि गुडघे दुखणाऱ्या काकूंना बरोबर न्याच. मधल्या रांगेत दोन सुट्या कॅप्टन सीट असतील तर मधून मागे जाता येतं, पण बहुतेक गाड्यांमध्ये एक जागा कमी होऊन सहाच उरतात. हायक्रॉसमध्ये मागे तिघांची सीट असल्याने कॅप्टन सीट घेऊनही सात जण बसतात. सलग सीट असेल तर ती दुमडून मागे शिरावं लागतं. ती एका हाताने दुमडते का, हे घरातल्या मुलाला करून बघू द्या.

पायरी ४ : सामान

सातही सीट उभ्या असताना डिकीत उरतं काय? ट्रायबरमध्ये ८४ लिटर, एर्टिगात २०९, कॅरेन्समध्ये २१६, हायक्रॉसमध्ये ३००. हे आकडे माहितीपत्रकातले. आपण घरची एक मोठी बॅग घेऊन जायचं आणि ठेवून बघायचं. सात माणसं आणि परतताना आंब्याच्या पेट्या, असा बेत असेल तर टपावरच्या कॅरिअरचा खर्च आत्ताच धरा. सीएनजी घेणार असाल तर सिलिंडर डिकीची जागा खातो, हे गृहीत धरा.

पायरी ५ : सुरक्षा

गाडी आदळवून तिच्या सुरक्षेला तारे देणारी भारत एनकॅपची चाचणी ऑक्टोबर २०२३ पासून सुरू आहे आणि पहिले पाच तारे सफारी व हॅरिअरने मिळवले. तारे जरूर बघा. पण त्या चाचणीत मोठ्या माणसांचे पुतळे पुढे बसवतात आणि मागे लहान मुलांचे. तिसऱ्या रांगेतल्या काकांबद्दल तारे बोलत नाहीत. म्हणून तिथे प्रत्येकाला खांद्यावरून येणारा पट्टा आहे का, हेडरेस्ट डोक्याइतकं वर येतं का आणि पडद्यासारख्या एअरबॅग मागच्या काचेपर्यंत पोहोचतात का, हे नेमकं विचारा.

पायरी ६ : पार्किंग आणि पैसे

स्कॉर्पिओ-एन १९१७ मिलिमीटर रुंद आहे, एर्टिगा १७३५. सोसायटीच्या दोन खांबांमध्ये हा १८ सेंटिमीटरचा फरक म्हणजे दार उघडणं किंवा न उघडणं. टेप घेऊन खाली जा.

२२ सप्टेंबर २०२५ पासून चार मीटरच्या आतल्या, १२०० सीसीपर्यंतच्या पेट्रोल आणि १५०० सीसीपर्यंतच्या डिझेल गाड्यांना १८ टक्के जीएसटी आहे. त्याहून मोठ्यांना ४०. ट्रायबर आणि बोलेरो निओ पहिल्या गटात येतात. वर महाराष्ट्रात किमतीनुसार पेट्रोलला ११ ते १३ आणि डिझेलला १३ ते १५ टक्के वाहन कर. गाडी रोज शाळा आणि भाजीपुरतीच फिरणार असेल तर डिझेल टाळा. अशा छोट्या फेऱ्यांत डीपीएफ, म्हणजे धुरातली काजळी अडवणारा फिल्टर, तुंबतो.

पायरी ७ : टेस्ट ड्राइव्ह

एकट्याने चालवून काही कळत नाही. गाडी माणसांनी भरा, एसी चालू ठेवा आणि जवळचा एखादा चढ गाठा. तिथे थांबून पुन्हा निघा. मग खराब रस्त्यावरून परत या आणि उतरल्यावर सगळ्यात आधी मागे बसलेल्याला विचारा, मळमळलं का?